शॉनीनचं गाणं आणि आमची बाबीन

बाबीन जाऊन महिना झाला, तिच्या नावाच्या मिस्सेनंतर फादरनी मला चर्चच्या दाराशी धरलं. म्हणले, "कोलम, बाबीनबद्दल चार ओळी लिहून दे, पॅरिशच्या पत्रकात टाकू." मी म्हटलं, "फादर, मी बाराव्या वर्षी शाळा सोडली. चार ओळी लिहायच्या झाल्या की मी बाबीनलाच सांगायचो." ते म्हणले, "मग बोलतोस तसं लिही." तर बोलतो. चारात बसणार नाही.

इथल्या लोकांना सगळं माहीत आहे, पण हे पत्रक बॉस्टनला जातं, लंडनला जातं, तिथली पोरंबाळं वाचतात, म्हणून पहिल्यापासून सांगतो. बाबीन पॅच मार्टिन ही माझी धाकटी बहीण. पॅच आमचा बाप, मार्टिन आजोबा. आडनाव सांगून उपयोग नाही, इथं निम्म्या गावाचं तेच आहे. आम्ही तीन भावंडं. शॉनीन थोरला, मग मी, मग ती. लग्न तिनं केलं नाही, मीही केलं नाही. आई गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच राहिलो, खाडीच्या वरच्या अंगाला, निळं दार आहे ते.

ती काय करायची म्हणाल तर सगळं करायची. शेवाळ उपसायची, मेंढ्या बघायची, आईचं शेवटची नऊ वर्षं सगळं अंथरुणात केलं. आणि दर उन्हाळ्यात डब्लिनच्या पोरी सांभाळायची. डब्लिनचे लोक आपल्या पोरी तीन तीन आठवडे इकडं पाठवतात आमची आयरिश भाषा शिकायला, तशा बारा बारा पोरी आमच्या घरी. घरात इंग्रजी बोललं की भांडी घासायची, हा बाबीनचा नियम. त्यामुळं आमची भांडी कायम चकचकीत असायची.

त्यातली एक पोरगी होती मुरिन नावाची. तेरा वर्षांची, किडकिडीत, आईची आठवण काढून ताटावर रडायची आणि कोबी बाजूला सारायची. बाबीन तिला म्हणायची, "रड, पण कोबी खाऊन रड. रिकाम्या पोटी रडलं की डोकं दुखतं." ती पोरगी पाच उन्हाळे आली. पुढं शिकली, मोठी झाली, आणि गॉलवेच्या विद्यापीठात बाई झाली. केल्टिक इतिहास आणि संस्कृती शिकवते. म्हणजे आमच्याच लोकांची जुनी गोष्ट, दोन अडीच हजार वर्षांपासूनची.

तर ही मुरिन बाई एकदा आमच्याकडं आली, जेवली, कोबी दोनदा घेतला, आणि म्हणली, "बाबीन, तुम्ही या ना शिकायला. मोठ्या वयाच्या माणसांना घेतात आमच्याकडं."

बाबीन एकोणसाठ वर्षांची होती. म्हणली, "मी? मला काय शिकवणार तुम्ही?"

"जे तुम्हाला येतं तेच."

"मग यायचं कशाला?"

मुरिन बाई म्हणली, "तुम्हाला जे येतं त्यावर मी गेली दहा वर्षं पुस्तकातून बोलतेय. मला लाज वाटते आता."

बाबीननं ताटं उचलली. पण सप्टेंबरात सात वाजताच्या बसच्या थांब्यावर ती उभी होती. रविवारच्या मिस्सेचा कोट घातलेला, पिशवीत दोन उकडलेली अंडी, सोड्याचा पाव, आणि एक वही. मी खिडकीतून बघत होतो. बस येईपर्यंत तिनं चार वेळा पिशवी उघडून वही आहे ना ते बघितलं.

पहिल्या आठवड्यात घरी येऊन सांगायला लागली की केल्ट लोकांची सगळ्यात जुनी थडगी ऑस्ट्रियात सापडलीत, मिठाच्या खाणीपाशी. मी म्हटलं, "म्हणजे आपण ऑस्ट्रियाचे का आता? बार्टलीला सांगू नकोस, तो तिकडं जाऊन जमिनीवर हक्क सांगेल." बार्टली म्हणजे आमचा शेजारी. तो वाचत असेल, तर असू दे.

म्हणली, "अरे ऐक तर. त्या लोकांनी स्वतःबद्दल जवळपास काहीच लिहून ठेवलेलं नाही. जे आहे ते ग्रीकांनी लिहिलंय आणि रोमनांनी."

"म्हणजे शेजाऱ्यांनी."

"शेजारी कसले, वैरी."

"मग काय लिहिलंय?"

"दारू फार पितात, बढाया फार मारतात, आणि जेवताना भांडतात."

मी म्हटलं, "खरंच लिहिलंय की मग." ती इतकी हसली की चहा सांडला.

तीन वर्षं असं चाललं. जुनी भाषा, बाराशे वर्षांपूर्वीची, ती तिला मुळीच जमली नाही. वही आपटायची आणि म्हणायची, "माझ्याच पणजीच्या पणजीची भाषा आणि मला परक्यासारखं शिकावं लागतंय." पण जुने कायदे तिला आवडले. मधमाश्यांचा कायदा होता म्हणे, शेजाऱ्याची माशी तुमच्या फुलावर बसली तर त्याच्या मधात तुमचा वाटा. तो तिनं बार्टलीच्या बायकोला तोंडावर ऐकवला आणि खरोखर एक बाटली मध घेऊन आली.

आता मला शॉनीनचं सांगायला लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शॉनीन गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि मी एकोणीस. आमच्याकडं डांबर लावलेली होडी होती, त्यातनं आम्ही दोघं शेवंडीचे पिंजरे टाकायचो. एकजण वल्ही धरणार, एकजण पिंजरे ओढणार, एकट्याचं काम नाही ते. त्या रविवारी मी नाचाला गेलो होतो आणि सोमवारी सकाळी मला उठवेना. त्यानं दोनदा हाक मारली. मी कूस बदलली. तो एकटाच गेला. होडी दुपारी मिळाली, उलटी. तो नवव्या दिवशी.

माझ्या आईनं त्याच्यावर गाणं केलं. आमच्याकडं कोणी बुडालं की त्याच्यावर गाणं होतं, कोणीतरी करतंच, पण आईनं स्वतःच्या मुलावर स्वतः केलं. चाळीस दिवसांनी आमच्या घरी मिस्सा झाली, सगळं गाव स्वयंपाकघरात, आणि चहाच्या वेळी आई भिंतीकडं तोंड करून म्हणायला लागली. पहिली दोन कडवी शॉनीनची होती, त्याच्या दिसण्याची, त्या सकाळची. तिसरं असं होतं:

दोन मुलगे दिले मला, दोन वल्ह्यांसारखे,
एक पाण्यात गेला, एक अंथरुणात झोपला.
एका वल्ह्याची होडी गोल गोल फिरते,
तिला किनारा कुठला, तिला किनारा कुठला.

मी उठलो आणि बाहेर गेलो. मागच्या शेताच्या गडग्यापाशी जाऊन दगड रचत बसलो, पडलेला नव्हता तरी. त्यानंतर मी समुद्रावर गेलो नाही. दुसऱ्यांचे गडगे बांधले जन्मभर, आणि रस्त्याची कामं केली. आई माझ्याशी वाईट वागली असं नाही. पण बोलायची कमी. मी बाहेरून आलो की ती माझ्या पायांकडं बघायची आणि म्हणायची, "बूट." चिखलाचे बूट घेऊन फरशीवर यायचं नाही, एवढाच अर्थ. अठ्ठावीस वर्षं रोज "बूट." मी समजून होतो तिला काय म्हणायचंय ते. आई गेल्यावर बाबीन म्हणायला लागली, "बूट, कोलम."

आणि आमच्याकडं एक रीत आहे, ती बाहेरच्या पोरांना ठाऊक नसेल. बुडालेल्याचं गाणं त्याच्या घरच्या माणसासमोर म्हणत नाहीत. म्हणायचं असेल तर आधी त्याला विचारायचं, आणि तो नाही म्हणला तर संपलं. त्यामुळं शॉनीनचं गाणं गावात सगळ्यांना येत होतं, लग्नात म्हणायचे, पबात म्हणायचे, पण मी दारातून आत आलो की गप्प. मधेच तोडायचे आणि दुसरं काहीतरी सुरू करायचे, घोड्याचं नाहीतर दारूचं. चाळीस वर्षांत मला किती वेळा तशी शांतता ऐकू आली असेल. मला वाटायचं, सगळे मला बघतायत. झोपलेला तो हाच.

बाबीनच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, आम्ही दलदलीत होतो. कापलेल्या मातीच्या विटा उभ्या करून वाळवायला लावायच्या असतात, हिवाळ्याचं जळण, आमच्याकडं ती दलदलीची मातीच जळते. वाकून वाकून पाठ जाते. ती म्हणली, "कोलम, एक विचारू?"

"विचारू नकोस म्हटलं तर थांबणार आहेस का?"

"पुढच्या वर्षी मला शेवटचं काम द्यायचंय विद्यापीठात. प्रत्येकानं आपल्या गावातलं काहीतरी घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायचं." मग म्हणली, "मला शॉनीनचं गाणं द्यायचंय."

मी हातातली वीट खाली ठेवली. "ते गाणं तुझं एकटीचं नाही."

"माहीत आहे. म्हणून तर विचारते."

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणली. एवढंच. मग आम्ही जाम लावलेला पाव खाल्ला आणि ती म्हणली, वारा फिरलाय, पाऊस येईल संध्याकाळी. आलाही. तिनं परत विषय काढला नाही. ऑक्टोबरात नुसतं म्हणली, "मी दुसरं काहीतरी घेतलंय." मला वाटलं, शेवाळ जाळायच्या जुन्या भट्ट्यांचं घेतलं असेल, त्याबद्दल ती मला बरंच विचारत होती.

त्या शेवटच्या कामाला फार मार्क होते. मुरिन बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जुन्या भाषेत बाबीन मागं आहे, हे काम चांगलं झालं तरच पदवी मिळेल, नाहीतर वर्ष परत करावं लागेल. आणि बाबीननं मला आधीच सांगून ठेवलं होतं, परत वर्ष करणार नाही, तिच्या गुडघ्यांना ती बस झेपत नव्हती.

एप्रिलात तो दिवस आला. घरच्यांना यायला मुभा होती. मी मयताला घालतो तो सूट घातला, दुसरा नाही. बार्टली म्हणला, मलाही गॉलवेला कान दाखवायचेत, मी येतो. कानाचा डॉक्टर शनिवारी बसत नाही हे मला माहीत होतं, पण घेतला त्याला व्हॅनमध्ये. वाटेत तो बाबीनला म्हणला, "नापास झालीस तर सांग, आम्ही दोघांनी मागं दगडं आणलीत, परीक्षकांसाठी."

"नापास झाले तर तुला माझी वही देईन वाचायला," ती म्हणली. "तीच शिक्षा."

खोली मोठी नव्हती. वीस-पंचवीस माणसं असतील. पुढं टेबलाशी मुरिन बाई आणि तिच्या शेजारी बाहेरून आलेले एक परीक्षक, वेल्सचे, गेरेंट सर. म्हातारा, शांत माणूस. आमची भाषा बोलत होता, पण बायबल वाचल्यासारखी.

बाबीन उभी राहिली. वही मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणली, "माझा विषय असा आहे की आमच्या गावात एक गाणं आहे आणि मला ते म्हणता येत नाही."

मी दाराकडं बघितलं.

तिनं शॉनीनचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. तिनं रीत सांगितली. बुडालेल्याचं गाणं कोणाचं असतं, ज्यानं केलं त्याचं की ज्याच्यावर केलं त्याच्या घरच्यांचं. कोणी कोणाला विचारायचं. नाही म्हणायचा हक्क काय असतो आणि तो हक्क मोडला तर काय होतं, एका बाईनं न विचारता म्हटलं आणि दोन घरं तीस वर्षं बोलली नाहीत, ते सांगितलं. जुन्या कायद्यात कवींबद्दल काय लिहिलंय ते जोडलं. मग म्हणली, विद्यापीठात आम्हाला शिकवतात की जे लिहून ठेवलं नाही ते हरवलं. पण काही गोष्टी लिहिल्या नाहीत कारण त्या कोणाच्या तरी आहेत. मी खाली बघत होतो. इतकं चांगलं बोलते आपली बाबीन, हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं.

तिचं झालं तेव्हा गेरेंट सरांनी चष्मा काढला. म्हणले, "बाई, फार सुंदर. पण मला अडचण आहे. गाण्याच्या कामात गाणं ऐकवणं नियमातच आहे. त्याचे मार्क वेगळे आहेत, ते मी कोरे सोडू शकत नाही. एक कडवं म्हणा. दोन ओळी म्हणा."

बाबीन म्हणली, "नाही जमणार, सर."

"येत नाही तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

"त्या घरचं माणूस या खोलीत बसलंय."

मुरिन बाईनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. ती आमच्या ताटावर जेवलेली पोरगी, तिला माहीत होतं. गेरेंट सर म्हणले, "मग मी शून्य लिहू का, बाई?"

"लिहा, सर," बाबीन म्हणली. रागानं नाही. दुकानात काही नको म्हणावं तसं. आणि तशीच उभी राहिली, हात खाली सोडून. तिचे हात कायम कशात तरी असायचे, पिठात नाहीतर पाण्यात नाहीतर मातीत. ते असे रिकामे लोंबताना मी कधी बघितले नव्हते.

बार्टलीनं मला कोपर मारलं नाही. मी आपणच उठलो. खुर्ची मागं पडली. मी पुढं गेलो आणि तिचा उजवा हात धरला.

आता हेही सांगतो. आमच्याकडं कोणी मनापासून गात असलं की ऐकणाऱ्यातलं एक माणूस त्याचा हात हातात घेतं आणि गोल गोल फिरवतं, हळू, गाण्याच्या चालीवर, विहिरीचा दोर गुंडाळल्यासारखं. म्हणजे तू एकटा नाहीस, म्हण. कोणी शिकवत नाही हे. मी कोणाचा हात तसा धरला नव्हता कधी, कारण गाणी चालू असली की मी लवकर घरी जायचो.

बाबीननं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणली, "नक्की का रे?"

मी म्हटलं, "मी फिरवतोय ना."

मग तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं, गुळगुळीत समुद्राचं, चुलीच्या कडेला राहिलेल्या चहाचं. दुसरं, त्याच्या केसांचं. तिसरं आलं, दोन वल्ह्यांचं, आणि माझा हात थांबला. तिनं थांबू दिला नाही, तिनंच फिरवला. मला वाटलं आता संपेल. संपलं नाही. अजून होतं.

लोक म्हणती मला, बाई, दार लावून घे,
वारा आत येतो, राख उडते चुलीची.
मी दार कसं लावू, लोकांनो, सांगा मला,
माझा एक अजून बाहेर आहे, यायचा आहे.

चिखलाचे बूट घेऊन तो फरशीवर येतो,
मी रागावते त्याला, रोज रागावते.
समुद्रा, तुझ्यापाशी एवढंच माझं मागणं,
हा चिखल पुसायला मला मरेपर्यंत दे.

संपलं. हात धरलेलाच होता. मी काय करत होतो मला माहीत नाही, बार्टली म्हणतो मी फिरवतच राहिलो होतो, गाणं थांबलं तरी. मुरिन बाई रुमाल शोधत होती. गेरेंट सर म्हणले, "मला प्रश्न नाहीत," आणि कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

परत येताना व्हॅननं निम्मी वाट मागं टाकली. मग मीच म्हटलं, "ती शेवटची दोन कडवी कधी केली तिनं?"

बार्टली म्हणला, "कधी म्हणजे? पहिल्यापासूनच आहेत. त्याच दिवशी म्हटली की तुमच्या स्वयंपाकघरात. तू उठून गेला होतास."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"कसं सांगणार, गाढवा? तू आत आलास की आम्ही गाणंच बदलायचो. तुला त्रास नको म्हणून. मी तर एकदा शेवटच्या ओळीवर होतो, तू आलास, आणि मला बदकाचं गाणं म्हणावं लागलं."

बाबीन मागं बसली होती. ती पुढं वाकली. मग म्हणली, "मला वाटलं तुला माहीत आहे. मला इतकी वर्षं वाटायचं, तुला सगळं माहीत आहे आणि तरी तू आईला माफ करत नाहीस."

"आणि मला वाटायचं ती मला करत नाही."

बार्टली म्हणला, "तुमच्या घरात बोलायला पण पदवी लागते वाटतं." आणि त्यानं खिडकी खाली केली, आम्हाला दोघांना वारा लागावा म्हणून.

घरी आलो तेव्हा मी दारात उभा राहिलो. बाबीननं सवयीनं तोंड उघडलं, "बूट," म्हणायला, आणि तिला बोलवेना. मी मयताचे काळे बूट घातले होते, त्यांना चिखलही नव्हता. आम्ही दोघं तसेच उभे, दारात, साठीची माणसं. मग ती म्हणली, "ये आत, चहा टाकते."

पदवी मिळाली. फार वरचे मार्क नाहीत, जुन्या भाषेनं खाली ओढलं, पण त्या कामात तिला सगळ्यात जास्त. काळा झगा घातलेला तिचा फोटो आईच्या फोटोशेजारी आहे, झगा आखूड आहे कारण ती उंच होती. पुढं काय करणार विचारलं की म्हणायची, "काय करणार, कोबी लावणार. पण आता मला त्याचा इतिहास माहीत आहे." उन्हाळ्याच्या पोरींना ती मधमाश्यांचा कायदा शिकवायची. गाणं मात्र तिनं विद्यापीठाला रेकॉर्ड करून ठेवायला दिलं नाही. त्यांनी विचारलं होतं. म्हणली, "त्या खोलीत म्हणायची परवानगी होती, कपाटात ठेवायची नव्हती." मला विचारलं असतं तर मी दिली असती. पण तिनं विचारलं नाही, आणि आता मला वाटतं तेच बरोबर.

घरी मात्र म्हणायची. भांडी घासताना. मी टेबलाशी बसून ऐकायचो, सगळी पाच कडवी. सात वर्षं मिळाली मला ती.

नोव्हेंबरात तिला दुखायला लागलं आणि फेब्रुवारीत ती गेली. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं, मी जवळ बसून हात धरायचो आणि तिचं बोट माझ्या तळव्यावर थोडंसं फिरायचं, गोल. डॉक्टर म्हणला औषधामुळं होतं तसं. असेल.

तिला आम्ही घरी ठेवलं होतं, रीतीप्रमाणं, पुढच्या खोलीत. सगळा पॅरिश येऊन गेला. तुम्हीच होता सगळे, तुम्हाला काय सांगायचं, हॅमचे सँडविच कोणी कोणी किती खाल्ले तेही मला माहीत आहे. दुपारी रोजरीची प्रार्थना झाल्यावर कोणीतरी म्हणलं, गाणं व्हायला पाहिजे, बाबीनला गाण्याशिवाय पाठवणार का. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग मीच भिंतीकडं तोंड केलं आणि शॉनीनचं सुरू केलं. मला गाता येत नाही. आवाज गडग्याच्या दगडांसारखा आहे. पण शब्द येत होते.

दुसऱ्या कडव्यात माझा हात कोणीतरी धरला. मुरिन बाई होती. डब्लिनची पोरगी, या रीतीवर जिनं एवढं लिहिलंय, पण स्वतः कधी केलं नव्हतं. तिनं इतक्या जोरात फिरवायला सुरुवात केली की मागून बार्टली म्हणला, "हळू, बाई, हळू, त्याच्यातनं पाणी निघणार नाही." मयताच्या घरात सगळे हसले. बाबीन हसली असती, म्हणून मला वाईट वाटलं नाही. मुरिन बाई पण रडता रडता हसली आणि मग बरोबर फिरवायला लागली, हळू, चालीवर. आणि मी तिसऱ्या कडव्यात थांबलो नाही.

आता घरात बूट म्हणणारं कोणी नाही. परवा मी चिखलाचे बूट तसेच घालून आत आलो, चुलीपर्यंत गेलो, आणि मागं वळून फरशी बघितली. मग बादली आणली आणि पुसली.

फादर, चार ओळी म्हणला होता, माफ करा. पण एक काम आहे म्हणून लिहिलं हे सगळं. शॉनीनच्या घरचं आता मी एकटा उरलोय, म्हणजे परवानगी माझ्याकडंच आहे. ती मी देतो, सगळ्यांना, इथल्या आणि बॉस्टनच्या. पबात म्हणा, लग्नात म्हणा. मी दारातून आत आलो म्हणून बदकाचं गाणं सुरू करू नका. आणि गाणं चालू असताना कोणी मधेच उठून बाहेर गेला, तर त्याच्या मागं जा आणि त्याला सांगा, अजून दोन कडवी आहेत, ये.